त्या स्क्रूला हात लावायच्या आधी हे बघा! | जुन्या कम्प्युटरची कॅसेट लोड का होत नाही?

नमस्कार मंडळी! आधी हा आवाज ऐका.

(टेप सुरू. लांबलचक "टीऽऽऽ", मग "खर्रर्र")

ऐंशीच्या दशकात ज्यांनी हे भोगलंय, ते आत्ता हसत असतील. बाकीच्यांसाठी सांगतो, हा बिघाड नाही, हा प्रोग्रॅम आहे. 1982चा झेडएक्स स्पेक्ट्रम. ह्याला डिस्क नाही, काही नाही. घरातला साधा टेपरेकॉर्डर जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम आत ओतायचा. 48 केबीचा गेम म्हणजे पाचेक मिनिटं नुसतं बघत बसायचं. चहा होऊन जायचा.

हे मशीन माझ्या काकांचं. नेरुळला माळ्यावर होतं, मी ते पिशवीत घालून लोकलनं ठाण्याला आणलं. सोबत त्यांचा टेपरेकॉर्डर आणि 1986 साली त्यांनी स्वतः भरलेल्या चार कॅसेट. आणि त्यात मी एक मोठा घोळ घातला. त्याच्याकडे येतोच.

आधी टेपरेकॉर्डर उघडू. प्लग काढलाय ना? काढा.

(क्लोज-अप) हे काळं डांबर दिसतंय? हा बेल्ट होता. जुनं रबर असं वितळून पुलीला चिकटतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड घ्या, आणि खाली रद्दी पेपर अंथरा. माझ्या आईच्या चादरीवरचा डाग अजून गेलेला नाही. नवा बेल्ट घ्यायचा तर जुन्याचं माप मिळणारच नाही, म्हणून पुल्यांभोवती दोरा गुंडाळून मापायचं आणि त्याहून जरा आखूड बेल्ट घ्यायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला हा दोरा दाखवला की दुकानदार आधी हसतो, मग डबा काढतो.

मशीन कॅसेट खातंय? बहुतेकदा दोष कॅसेटचा नसतो. पुढचं चाक टेप ओढून घेत नाही, म्हणून ती रोलरला गुंडाळली जाते. तेव्हा बेल्ट बघा, आणि टेप दाबून पुढे सरकवणारा हा रबरी पिंच रोलर बघा. चकचकीत झालाय म्हणजे त्याची पकड गेली. साबणाच्या पाण्यात ओला केलेला फडका फिरवायचा, मग कोरडा. हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी थर असेल तो अल्कोहोलनं, हळू हातानं.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट आधी चालवू नका, हेड पुन्हा घाण होईल. आणि ही बारकी फेल्टची गादी बघा, टेपला हेडवर दाबून धरणारी. दमट हवेत ती सुटते. दुसऱ्या फालतू कॅसेटमधली काढून लावा, चालतं.

जोडणी एका वाक्यात: आवाज साधारण पाऊण, ट्रेबल पूर्ण, आणि सेव्ह करताना इअरची (टेपचा आवाज कम्प्युटरच्या आत नेणारी) वायर काढून ठेवा.

आता तो स्क्रू.

(क्लोज-अप) हेडच्या बाजूला, स्प्रिंगवर बसलेला. हेडचा कोन ह्यानं बदलतो. इतक्याशा स्क्रूनं काय होतंय, असं वाटतं ना? हिशोब करू. स्पेक्ट्रम शून्य लिहितो तेव्हा साधारण 2,047 हर्ट्‌झची एक लाट सोडतो, एकासाठी त्याच्या निम्मी, 1,023ची. टेप सरकते सेकंदाला 4.76 सेंटिमीटर. म्हणजे टेपवर शून्याची अख्खी लाट मावते 23 मायक्रॉनमध्ये. केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी! आणि मोनो हेडचा पट्टा आहे दीड मिलिमीटर रुंद. हेड फक्त एक अंश कललं, तर त्याचं एक टोक दुसऱ्याच्या 26 मायक्रॉन पुढे जातं. झालं, लाट स्वतःलाच खाऊन टाकते. कानाला आवाज नुसता कोंदट वाटतो, पण स्पेक्ट्रम दोन प्रकारच्या लाटा ओळखूनच बिट मोजतो. ब्लॉकच्या शेवटी पडताळणीचा एकच बाइट असतो, चूक दुरुस्त करायची सोय नाही. एक बिट चुकला की सरळ "आर टेप लोडिंग एरर".

म्हणून स्क्रीनची चौकट वाचायला शिका. लाल-आकाशी पट्टे नीट सरकतायत, पण प्रोग्रॅमचं नाव येतच नाही? ते पट्टे सुरुवातीच्या त्या "टीऽऽऽ"चे; तो सूर 807 हर्ट्‌झचा असतो, जाड. तो वाकड्या हेडमधूनही येतो. बारीक लाटा मात्र मरतात. म्हणजे हेड घाण आहे, नाहीतर कोन चुकलाय.

माझा घोळ इथेच झाला. मी विकतच्या एका गेमच्या कॅसेटवर हेड मस्त जुळवलं, आवाज एकदम खणखणीत. गेम लोड झाला, मी खूश. मग काकांच्या कॅसेट लावल्या. चारही ठप्प. रात्रभर केबल बदलतोय, व्हॉल्यूम बदलतोय. सकाळी डोक्यात प्रकाश पडला: काकांनी भरलं तेव्हाच हेड वाकडं होतं! वाकड्यानं लिहिलेलं वाकड्यालाच वाचता येणार. आणि तो जुना कोन मी पुसून टाकला होता.

तेव्हा स्क्रूला हात लावायच्या आधी मार्करनं खूण करा. मी केली नव्हती. मग कॅसेट चालू ठेवून, कान लावून, अगदी थोडं इकडे, थोडं तिकडे. ऐका...

(आवाज कोंदट, मग हळूहळू धारदार)

इथे! थांबा. आणि लोड होण्याची वाट बघत बसू नका, ह्याच क्षणी लॅपटॉपवर वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करून घ्या. एमपीथ्री नको, टेपरेकॉर्डरवर खरखर कमी करणारं डॉल्बीचं बटण असेल तर ते बंद. ती फाइल नंतर मोबाइलवरून थेट इअरच्या भोकात वाजवता येते. मोबाइलचा आवाज मात्र फुल ठेवा.

काकांच्या तीन कॅसेट अशा वाचल्या. चौथीची टेप मध्येच चुरगळली आहे, तिच्यावर काम चालू आहे. तिसरीत निघाला दुधाचा हिशोब करणारा, बेसिक ह्या कम्प्युटर-भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम. मी लगेच काकांना व्हिडिओ कॉल लावला, स्क्रीन दाखवली. ते चष्मा वर करून बघत राहिले, आणि म्हणाले, "चाळीसच्या ओळीत चूक आहे रे. फेब्रुवारीत पण तीस दिवस धरतो तो. तेवढं सुधार."