गाठीच्या आत बघायचं कसं

हा जो पांढुरका गोळा दिसतोय ना, ती फुप्फुसातली कॅन्सरची गाठ आहे, सीटी स्कॅनवरची. माऊस फिरतोय तसा एकेक काप सरकतोय, गाठ मोठी होते, बारीक होते आणि दिसेनाशी होते. आता ही रेघ बघा, आरपार मारलेली. 2000 साली आलेल्या रेसिस्ट (RECIST) नावाच्या, औषधाचा गाठीवरचा परिणाम मोजायच्या नियमांनुसार गाठीचा सगळ्यात लांब व्यास मोजायचा आणि औषधाने तो किती घटला ते बघायचं. सोपं आहे, कामाचं आहे, पण गाठीच्या आतलं काहीच कळत नाही त्यातून, आणि खरी भानगड आतच असते!

आता हा मेंदूचा एमआरआय. गॅडोलिनियम या धातूचं, फोटोत उजळ दिसणारं इंजेक्शन दिल्यावर गाठीची कड कशी उजळली बघा, कारण तिथल्या रक्तवाहिन्या गळक्या आहेत. मधला काळा भाग बराचसा मेलेल्या पेशींचा. आणि हा तिसरा फोटो, यात पाण्याचे रेणू किती हलतात ते दिसतं, पेशी दाटीवाटीने भरल्या असतील तर पाण्याला हलायला जागाच नाही, तो भाग वेगळा उठून दिसतो. एकाच गाठीत इतके प्रकार! पेट स्कॅनमध्ये तर एफडीजी नावाचं साखरेसारखं किरणोत्सर्गी द्रव्य देतात, ज्या पेशी ते जास्त ओढतात त्या चमकतात.

एकाच गाठीचे असे सगळे फोटो एकावर एक बसवले की असा रंगीत नकाशा तयार होतो. मग कॉम्प्युटर प्रत्येक ठिपका शेजारच्या ठिपक्यांशी ताडून बघतो, पोत मोजतो, याला रेडिओमिक्स म्हणतात. 2014 च्या एका अभ्यासात 1019 पेशंटच्या सीटीवरून असे 440 गुणधर्म मोजले होते.

बायोप्सीची सुई हीच, स्क्रीनवरची. ती एका जागचाच तुकडा काढते. 2012 मध्ये किडनीच्या गाठींचे वेगवेगळे तुकडे तपासले तेव्हा 63 ते 69 टक्के जनुकीय बदल असे निघाले, की जे प्रत्येक तुकड्यात नव्हते, काहींतच होते. म्हणून अख्खी गाठ दाखवणारा स्कॅन लागतोच. बायोप्सी सोडायची असं नाही, सुई नेमकी कुठे घालायची हे नकाशावरून ठरवता येतं. रेडिएशन कुठे वाढवायचं यावरही काम चालू आहे, पण मशीन बदललं की आकडे बदलतात, त्यामुळे रोजच्या उपचारात हे अजून फारसं आलेलं नाही.

आणि हे सगळं सुरू कुठून होतं तर इथून, डॉक्टर एकेका कापावर गाठीची हद्द हाताने आखतायत. दुसऱ्या डॉक्टरांची हिरवी रेघ बघा, वरच्या कोपऱ्यात जरा बाहेर गेलीय, तेवढ्यानेही पोताचे आकडे हलतात, म्हणून दोघांनी आखून जे आकडे टिकतात तेच पुढे घेतात.