ग्रामसभेचा कायदा आपल्या हातानं लिहिताना

(गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर पंचायतीच्या गावांतली माणसं आहेत, तशी पालिकेच्या हद्दीतलीही आहेत, म्हणून सुरुवात दोघांमधल्या फरकानं करतो. गावातल्या मतदाराला ग्रामसभा आहे. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमधल्या रविवारी तो उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. शहरातल्या मतदाराला राज्यघटनेनं अशी सभा दिलेली नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण ३ लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत अख्खा गोवा १४ लाख ५८ हजारांचा आणि पणजी जेमतेम ४० हजारांची. म्हणजे आपल्या एकाही शहराला ती सक्ती लागू नाही. रस्त्याच्या अलीकडच्या घराला सभा आणि पलीकडच्याला नाही, हे मला फार खटकतं.

हे बदलायचं कुठं? अमेरिकेतल्या काही शहरांना स्वतःची सनद, म्हणजे कारभाराचा मूळ कायदा, असते. नागरिक सह्या गोळा करून तिच्यातली दुरुस्ती थेट मतदानाला नेऊ शकतात. आपल्याकडे पंचायतीची सनद म्हणजे १९९४ चा गोवा पंचायत राज कायदा, पालिकांची १९६८ ची आणि पणजी महापालिकेची २००२ ची. तिन्ही बदलतात ती पर्वरीला, गोवा विधानसभेच्या ४० आमदारांच्या सभागृहात. ग्रामसभेला अधिकार किती द्यायचे, हे घटनेच्या २४३-अ कलमानं राज्याच्या कायद्यावरच सोडलंय. तेव्हा मागायचं ते पर्वरीकडेच.

पण मागायचं कसं, ते मी ठेच लागून शिकलो. एका ग्रामसभेत डोंगरकापणीविरुद्ध ठराव आला. मी स्वतः अनुमोदन दिलं, हात वर झाले, टाळ्या पडल्या. दोन महिन्यांनी इतिवृत्ताची प्रत हातात पडली. त्यात एकच ओळ होती : ‘सदर विषयावर चर्चा झाली.’ ठराव हा शब्दच नव्हता. सूचक कोण, अनुमोदक कोण, काहीच नाही. त्या ओळीवर बोट ठेवून मी बराच वेळ बसलो होतो.

मग आम्ही निवेदन दिलं : ‘इतिवृत्त योग्य प्रकारे लिहावं.’ पोच मिळाली, पुढं काही झालं नाही. होणार तरी काय? ‘योग्य प्रकारे’ म्हणजे काय, ते आम्हीच लिहिलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला चार जण कायद्याची प्रत घेऊन बसलो. आधी मूळ कलम मोठ्यानं वाचायचं, मग त्याखालचे नियम. यात एक गोष्ट उमगली. बऱ्याच तक्रारींचं उत्तर कायद्यात आधीच असतं. तिथं दुरुस्ती नको, अंमलबजावणी मागायची. काही गोष्टी नियमांतच बदलता येतात. नियम सरकार करतं, विधेयक लागत नाही. उरतं तेवढ्यासाठीच विधानसभा.

आणि मग वाक्य लिहायचं. आमचं असं झालं : ‘प्रत्येक ठराव, सूचक व अनुमोदकाच्या नावासह, सभा संपण्यापूर्वी वाचून दाखवला जाईल आणि त्याची प्रत पंचायत सचिवाकडून ७ दिवसांच्या आत पंचायतीच्या फलकावर लावली जाईल.’ पहिल्या खर्ड्यात ‘लवकरात लवकर’ होतं, ते खोडून ७ दिवस केले. ‘लावावी’ होतं, तिथं ‘लावली जाईल’ आलं. लावणार कोण, हा प्रश्न एका बाईंनी विचारला आणि आम्ही सगळे गप्प झालो. मग ‘पंचायत सचिव’ हे दोन शब्द घातले. माझ्या मते अख्ख्या मसुद्यातले सगळ्यात मोलाचे शब्द तेच.

असा कागद आमदाराकडे नेला की बोलणं वेगळं होतं. मंत्री नसलेला आमदारही खाजगी विधेयक मांडू शकतो. ती विधेयकं क्वचितच मंजूर होतात, हे खरं. पण विधेयक चर्चेला आलं, तर सरकारला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर कामकाजात नोंदलं जातं. नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा राजपत्रात हरकतींसाठी निघाला, तर आपलं वाक्य तयार हवं. मुदत थोडी असते.

पालिकेतल्या मंडळींसाठी प्रभागसभेचं कलम मी कोरं ठेवलंय. सभा कोण बोलावणार, वर्षातून किती वेळा, आणि नगरसेवकानं बोलावलीच नाही तर कोण, या तीन जागा रिकाम्या आहेत. कागद वाटतो. पेन्सिलीनं लिहा, खोडावं लागणार आहे.