लेक कुठल्या मुलखात द्यायची

नमस्कार श्रोतेहो. आज सोयरिकीबद्दल बोलायचं आहे, आणि तीही राज्याच्या सीमेपलीकडच्या.

देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, उमरगा. मराठवाड्याच्या या सीमाभागातल्या माणसांना हे नवं नाही. कुणाची आत्या तेलंगणातल्या बोधनला, कुणाची सून कर्नाटकातल्या बिदरकडची. १९५६ पर्यंत मधे सीमाच नव्हती, सगळं एकच हैदराबाद राज्य होतं. पुढं भाषावार राज्यं झाली आणि सोयरे तीन राज्यांत विभागले. रोटीबेटी मात्र चालूच राहिली.

माझं म्हणणं असं, की आता सोयरीक जुळवताना आधी मुलूख बघतात, मग घर. पुन्हा सांगते. आधी मुलूख, मग घर.

माझ्या चुलत दिरांची मुलगी, देगलूर तालुक्यातली, बारावी झालेली. तिला दोन स्थळं आली. एक जवळचं, मुखेडकडचं. दहा एकर रान, स्लॅबचं घर. दुसरं बोधनकडचं, मराठीच बोलणारं, पण रान साडेतीन एकर. सगळ्यांचा कल अर्थातच दहा एकराकडं. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, चहा झाला. मुलाचे मामा रीतीप्रमाणं म्हणाले, “बाई, तुला काही इचारायचं असलं तर इचार.” असं म्हटल्यावर मुली मान खाली घालतात. हिनं विचारलं, “मामा, तुमच्याकडं मोटार दिवसा चालते का रातच्याला?”

सगळे गप्प. भावजींनी लेकीकडं डोळे वटारले. मामा म्हणाले, “लाइटीची कधी दिवसाची पाळी, कधी रातची. समद्यांकडं तसंच हाय की!”

ती आत आली. कपबशा विसळता विसळता मला म्हणाली, “काकू, दादा रात्री दोनला हरभऱ्याला पाणी द्यायला उठतेत. आई बॅटरी घेऊन मागं. पाय चिखलात आन् नजर धुऱ्यावर, साप निघतो का म्हणून. लहानपणापासून बघतेय मी. मला तसलं घर नको.”

आठ दिवसांनी बोधनचे पाहुणे आले. हिनं तोच प्रश्न विचारला. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास वीज आहे, तीही फुकट. मुलगाच बोलला, “लाइट दिवसभर राहते. पाहिजे तवा बटन दाबायचं.” वर निझामसागर धरणाच्या कालव्याचं पाणी. साडेतीन एकरावर सोयरीक ठरली.

लग्न मे महिन्यात लागलं.

तर, दोन वर्षांनी इकडं काढणीला आलेलं सोयाबीन पावसात सापडलं. शेंगांना कोंब फुटले, हाती काहीच लागलं नाही. दिवाळीला लेक आली ती तांदळाचे दोन कट्टे घेऊन. जावयानं ते ओसरीवर उतरवून घेतले आणि गुमान हातपाय धुवायला गेला. ज्वारीच्या भाकरीशिवाय घास न उतरणारे आमचे भावजी त्या हिवाळ्यात रोज भात जेवले.

श्रोतेहो, नेमकी हीच गोष्ट अभ्यासकांनी आकड्यांत मांडली आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूची इक्रिसॅट ही संस्था १९७५ पासून कोरडवाहू गावांत घरोघर माहिती गोळा करत होती. ती वापरून मार्क रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ साली दाखवलं, की ज्यांचं उत्पन्न पावसावर हेलकावे खातं ती घरं लेकी लांब देतात. दोन्हीकडं एकाच वर्षी सहसा दुष्काळ पडत नाही, म्हणून वाईट साली सोयरे उपयोगी पडतात. लांबची लेक म्हणजे घराचा विमा.

आता मुलखामुलखातला फरक. महाराष्ट्रातला अनुशेष, म्हणजे मागास भागांची राहून गेलेली विकासकामं, दांडेकर समितीनं १९८४ मध्येच मोजून दाखवला, पुढं २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला. तेलंगणानं २०१८ मध्ये रयतू बंधू योजनेत शेतकऱ्यांना एकरी पैसे द्यायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी धर्माबाद तालुक्यातल्या गावांनी ‘आम्हाला तेलंगणात घ्या’ अशी मागणी केली. मांजरा नदी आपल्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या डोंगरात उगम पावते आणि पुढं जाऊन तेलंगणातलं निझामसागर भरते. त्याच मांजरेवरचं धरण आटलं म्हणून २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

त्या दोन अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात घराचा हिशेब आहे, पण मुलीचा? तिची कागदपत्रं बैठकीत कुणी काढत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्यावर तिथं आरक्षणाचा लाभ मिळत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा निकाल आहे. पुन्हा सांगते: जात तीच राहते, पण नव्या राज्यात सवलत मिळत नाही. नोकरीची तयारी करणारी मुलगी सीमेपलीकडं देताना ही गोष्ट याद्या करण्याआधी बोलून घ्या, आणि बोलताना तिला समोर बसवा. तिचा जातीचा दाखला, टीसी, रहिवासी प्रमाणपत्र माहेरीच काढून तिच्याच हातात द्या.

नमस्कार.