घराण्यातली शुगर आणि ताटातली भाकरी

नमस्कार श्रोतेहो.

सोलापूरच्या पूर्व भागात माझा दवाखाना आहे. शेजारी यंत्रमागाचा कारखाना, त्यामुळं रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की आधी मागाचा खटका ऐकू येतो आणि मग हृदयाचा. या दवाखान्यात गेली कित्येक वर्षं मी एक वाक्य रोज ऐकते. "मॅडम, आमच्या घराण्यातच हाय ओ ही शुगर. वडलांना होती, थोरल्या चुलत्यांना होती. मला येणारच की." बोलणारा माणूस जेमतेम चाळिशीचा असतो. सातबाऱ्यावर वारस म्हणून आपलं नाव चढलं, आता कुणी काही करू शकत नाही, असा त्याचा सूर असतो.

आज मला या वाक्याबद्दलच बोलायचंय. कारण ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं ऐकायच्या आतच माणसं हातपाय गाळून बसतात.

खरं अर्धं आधी सांगते. मधुमेह घराण्यात चालतो. आई किंवा वडील मधुमेही असतील तर मुलांना धोका जास्त असतो. पण माणसाची सगळी जनुकं वाचून काढायचा तो मोठा प्रकल्प २००३ साली पूर्ण झाला, तेव्हा आता प्रत्येक आजाराचं मूळ हाती लागेल अशी सगळ्यांची आशा होती. हाती आली ती वीस हजारांच्या आसपास जनुकं. त्यात मधुमेहाचा धोका थोडा थोडा वाढवणारी शेकडो ठिकाणं सापडली, पण 'याला होणार, त्याला नाही' असं ठामपणे सांगणारं एकही नाही. सारख्या जुळ्या भावंडांची जनुकं एकच असतात, तरी एकाला मधुमेह होतो आणि दुसरा धडधाकट राहतो, असं आम्ही डॉक्टर पाहतोच.

मग फरक कुठं पडतो?

त्याची सुरुवात आपल्या जन्माच्याही आधी होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं साडेतीन किलोचं. पण आपलं हे लहानसं बाळ मांसानं कमी आणि चरबीनं जास्त होतं. बारीक दिसणारं, आतून मात्र चरबी धरून ठेवणारं. आईच्या पोटात असताना तिला काय खायला मिळालं, तिनं किती कष्ट उपसले, याचे ठसे त्या बाळाच्या अंगावर होते. गरोदर सुनेच्या ताटाकडं लक्ष द्या असं मी सासूबाईंना परत परत सांगते ते यासाठी. नातवाच्या चाळिशीतल्या शुगरची गोष्ट त्या ताटात चाललेली असते.

बाळ जन्मलं की दुसरी गोष्ट सुरू होते, आणि ती मला स्वतःला फार आवडते. आईच्या दुधात काही साखरी अशा असतात की त्या बाळाला पचवताच येत नाहीत. मग निसर्गानं त्या का घातल्या असतील? त्या बाळासाठी नाहीतच. बाळाच्या आतड्यात नुकत्याच वस्तीला आलेल्या जिवाणूंसाठी आहेत. म्हणजे आई पहिल्या दिवसापासून दोघांना पाजते, बाळाला आणि त्याच्या पोटातल्या या सोबत्यांना.

हे सोबती मरेपर्यंत आपल्याबरोबर राहतात. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली हिशेब मांडला, की एका माणसाच्या अंगावर आणि अंगात मिळून साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात. आपल्या स्वतःच्या पेशी त्यांच्या बरोबरीनं, ३० लाख कोटींच्या घरात. सगळ्या जिवाणूंचं वजन केलं तर भरेल अवघं पावशेरभर. त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात.

आपण जे पचवतो ते वरच्या वरच रक्तात जातं. जे आपल्याला पचत नाही, म्हणजे कोंडा, सालं, डाळी-शेंगांमधला चोथा, कांद्या-लसणातली काही खास साखर, ते खाली या जिवाणूंपर्यंत पोचतं. ते हा सगळा चोथा, म्हणजे फायबर, आंबवतात आणि त्यातून काही आम्लं तयार करतात. त्यातलं ब्युटिरेट नावाचं आम्ल आतड्याच्या अस्तराचं मुख्य अन्न आहे. अस्तर धड असलं की नको ते रक्तात झिरपत नाही, अंगातला बारीक दाह कमी राहतो. या आम्लांमुळं भूक भागल्याचा निरोप देणारी संप्रेरकंही सुटतात. आणि चोथा मिळाला नाही तर? उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय, की उपाशी जिवाणू आतड्याच्या आतला बुळबुळीत संरक्षक थरच खायला लागतात.

२०१३ साली अमेरिकेत डॉ. जेफ्री गॉर्डन यांच्या गटानं एक प्रयोग केला. अशा जुळ्या बहिणी घेतल्या, की एक लठ्ठ आणि एक सडपातळ. दोघींच्या आतड्यातले जिवाणू वेगवेगळ्या उंदरांच्या पोटात सोडले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर जास्त चरबी चढली, खाणं तेवढंच असून. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला कळतं. तरी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले होते.

आता आपल्या गावाकडं येते. हा चोथा आपल्याकडं कशात आहे? शाळूत. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात थंडीच्या दवावर पिकणारी मालदांडी ज्वारी, तिच्या १०० ग्रॅम धान्यात साधारण १० ग्रॅम चोथा असतो. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा हवा म्हणते. दोन भाकरी, वाटीभर आमटी, मेथी नाहीतर चुका, हातानं फोडलेला कांदा, एवढ्यावर आपण तिथं जवळपास पोचतो.

माझी आई कडक भाकरी करायची. उकळतं पाणी पिठात ओतून, हात भाजत असतानाच मळायची. परातीत पातळ थापायची, इतकी पातळ की उचलताना मला धाकधूक व्हायची. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायची, मग विस्तवाशी उभी करून अगदी पापडासारखी वाळवायची. चार दिवस नाही, महिनाभर टिकायची. दुधात नाहीतर आमटीत कुस्करून खायची, बरोबर उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगा चटणी. शिजलेलं पीठ थंड झालं, वाळलं, की त्यातला थोडा भाग आपल्याला न पचणारा होतो आणि तो खाली या सोबत्यांना मिळतो. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला भाकरी बाजारच्या दिवसापर्यंत पुरवायची होती.

ताकाचंही तसंच. २०२१ साली स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी माणसांवर एक अभ्यास झाला. त्यातल्या ज्यांनी १० आठवडे दही, ताकासारखं पेय, आंबवलेल्या भाज्या असं रोज खाल्लं, त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचे प्रकार वाढले आणि रक्तातल्या दाहाच्या खुणा उतरल्या. अभ्यास छोटा आहे. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात ताक आणि ज्वारीची आंबील प्यायला आणखी कारण कशाला हवं?

आणि एक गोष्ट पोटतिडकीनं सांगते. सर्दी झाली, घसा धरला, की मेडिकलमधून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक घेऊ नका. विषाणूच्या सर्दीवर त्यांचा काडीचा उपयोग नाही, आणि पोटातली वर्षानुवर्षांची जिवाणूंची वस्ती मात्र उठते.

आता माझ्याकडं येणाऱ्या दोन सख्ख्या भावांची गोष्ट. थोरला मागावर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. धाकटा कापडाच्या दुकानात. एकच घर, एकच चूल, दोघांचीही शुगर सीमेवर आलेली. मी दोघांच्या हातात एक ग्लुकोमीटर आणि एकेक दोनशेपानी वही दिली. जेवायच्या आधी आणि जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचायचं, ताटात काय होतं ते शेजारी लिहायचं. पंधरा दिवस.

वह्या आल्या तेव्हा आम्ही तिघं टेबलावर वाकून बसलो. दुपारचा भात-आमटी, तोच भात, तीच आमटी. थोरल्याची शुगर दोनशेच्या वर, धाकट्याची दीडशेच्या आत. भाकरीवर थोरला छान राहत होता. पण रातपाळीच्या आठवड्यात, तीच भाकरी, तीच भाजी, रात्री दीड वाजता डबा उघडून खाल्ली की आकडा पुन्हा वर. धाकट्याला भात सोसत होता, पण चहाबरोबरची चार बिस्किटं त्याची शुगर वर फेकत होती.

थोरला म्हणाला, "म्हंजे मॅडम, आमचं रक्त एकच नव्हं का?"

रक्त एकच. पण घड्याळ वेगळं, झोप वेगळी, पोटातली वस्ती वेगळी. रात्री शरीर झोपेच्या तयारीत असतं, तेव्हा इन्सुलिन दिवसाइतकं नीट काम करत नाही. आणि माणसागणिक फरक पडतो हे तर वाइझमन संस्थेनं २०१५ साली ८०० लोकांवर दाखवलंय. आठवडाभर प्रत्येकाच्या अंगावर शुगर मोजणारा सेन्सर, एकूण ४६ हजारांहून जास्त जेवणांची नोंद. एका माणसाची शुगर केळ्यानं उसळली आणि बिस्किटानं नाही, दुसऱ्याची नेमकी उलट. त्यांच्या आतड्यातले जिवाणू, झोप, चालणं असं सगळं संगणकाला दिलं तर कुणाला काय सोसेल याचा बराच अंदाज आधीच बांधता आला.

हे ऐकून काही जण हजारो रुपये भरून आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी करून येतात. गुळगुळीत कागदावरचा रंगीत अहवाल माझ्यापुढं ठेवतात. माझं प्रामाणिक मत सांगते: हे शास्त्र खरं आहे, पण एकट्या माणसाचा अहवाल वाचून त्याला भात खा की भाकरी खा हे सांगण्याइतकं ते अजून पिकलेलं नाही. त्या पैशात ग्लुकोमीटरच्या पट्ट्या येतील, आणि वर महिनाभराची डाळ.

थोरल्याला मी रातपाळीचा डबा संध्याकाळी आठच्या आत खायला सांगितला, दीड वाजता फक्त ताक आणि मूठभर शेंगदाणे. धाकट्याची बिस्किटं सुटली, जागी फुटाणे आले. दोघांनाही जेवल्यावर पंधरा मिनिटं चालायला लावलं, कारण चालणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी मात्र हे ऐकून गोळी बंद करू नये. वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडं जावं.

तीन महिन्यांनी दोघांचेही आकडे उतरले. थोरल्याचे जास्त.

गेल्या आठवड्यात धाकटा पुन्हा वही घेऊन आला. उघडली तर अक्षर वेगळं. त्याच्या बायकोनं मागच्या बाजूनं स्वतःची पानं सुरू केली होती. ती दुपारी विड्या वळत बसते, जेवण होतं तीन वाजता. तिच्या पानावर भातापुढचा आकडा नवऱ्यापेक्षा तीस-चाळीसनं जास्त होता, आणि त्याखाली तिनं बॉलपेननं दोनदा रेघ ओढून लिहिलं होतं: उद्या एक वाजता जेवून बघणे.