शंकूच्या घराण्यातले शब्द

मंडळी, पोस्टरवर विषय वाचून बरेच जण गणिताला घाबरून आले नसतील, जे आलेत त्यांचे आभार. आज गणित थोडंच आहे, शब्द जास्त. कोन हा शब्द इंदूरमध्ये आपण दिवसभर वापरतो, सराफ्यात आइस्क्रीमचा कोन, लग्नात मेंदीचा कोन, रस्ता खोदला की ट्रॅफिकवाल्यांचे केशरी कोन. त्रिकोणातला कोन वेगळा बरं का, तो संस्कृतातून आलाय, त्याचा इथे काही संबंध नाही.

इंग्रजी कोन, म्हणजे आपला शंकू, हा शब्द मूळचा ग्रीक, कोनोस. अर्थ पाइनचं फळ, म्हणजे चीडच्या झाडाचं ते खवल्याखवल्यांचं, जे लोक शिमला-नैनितालहून आणतात आणि सोनेरी रंग मारून शोकेसमध्ये ठेवतात. भोवऱ्यालाही ग्रीक लोक कोनोसच म्हणायचे. ग्रीकातून लॅटिन, लॅटिनमधून फ्रेंच आणि मग सोळाव्या शतकात इंग्रजी. कोनिफर म्हणजे कोन वाहणारं झाड, त्यातला फर हा लॅटिन फेर्रे, वाहणे. काही अभ्यासक कोनोसचं मूळ धार लावण्याच्या एका जुन्या धातूत शोधतात, ज्याचा संस्कृतातला नातलग शाण, म्हणजे धार लावायचा दगड. पण ते नक्की ठरलेलं नाही, म्हणून मी त्यावर पैज लावणार नाही.

गंमत म्हणजे पाइनॲपल हा शब्द आधी इंग्रजीत त्या चीडच्या फळालाच होता, अमेरिकेतलं नवं फळ दिसायला तसंच म्हणून नाव तिकडे सरकलं. आपण अननस पोर्तुगीजांकडून घेतलं म्हणून या घोळातून वाचलो. मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीचं नावही त्या फळावरनंच पडलंय. आणि इंग्लंडमध्ये आइस्क्रीमच्या कोनाला कॉर्नेट म्हणतात, तो मात्र कोनचा कोणी लागत नाही, तो लॅटिन कॉर्नू म्हणजे शिंग, आपल्या शृंगाचा लांबचा भाऊ.

फ्रस्टम म्हणजे शंकूचं टोक कापल्यावर खाली उरतो तो, बादलीच्या आकाराचा. हिंदी मीडियमच्या पोरांना छिन्नक म्हणून माहीत असेल, महाराष्ट्रात शंकूछेद. लॅटिनमध्ये फ्रस्टम म्हणजे तुकडा, बस. अर्धी दुनिया त्यात एक जास्तीचा र घालून फ्रस्ट्रम म्हणते, शिकवणारेसुद्धा, मला ते ऐकलं की दाताखाली खडा येतो.

आता मुद्द्याचं. शंकू सपाट पातळीने कमी-जास्त तिरकस कापला की जे वक्र मिळतात त्यांची नावं एलिप्स (लंबवर्तुळ), पॅराबोला (अन्वस्त), हायपरबोला (अपास्त), ही ग्रीक गणिती अपोलोनियसची, इसवीसनापूर्वी साधारण २००. त्याने शांकवांवर, म्हणजे या वक्रांवर, आठ पुस्तकं लिहिली, पहिली चार ग्रीकमध्ये राहिली, पुढची तीन फक्त अरबीत सापडली, आठवं गेलंच. धूमकेतूवाल्या हॅलीने १७१० मध्ये अरबीवरनं ती तीन लॅटिनमध्ये आणली.

नावं कशी पडली ते बघा. वक्रावर एक बिंदू घ्या, तिथून अक्षावर लंब टाका आणि त्या लंबावर चौरस काढा. मग शिरोबिंदूपासून लंबाच्या पायथ्यापर्यंतचं अंतर ही एक बाजू आणि त्या वक्राची एक ठरलेली लांबी, जिला लॅटस रेक्टम म्हणतात, ती दुसरी, असा आयत काढा. चौरस आणि आयत बरोबर जुळले तर पॅराबोला, म्हणजे शेजारी लावणे. चौरस कमी पडला तर एलिप्स, म्हणजे उणीव. जास्त भरला तर हायपरबोला, म्हणजे अतिरेक. हिशोब आहे हो नुसता! आणि हेच तीन शब्द साहित्यातही गेले, अतिशयोक्ती हायपरबोली, बोधकथा पॅरेबल, आणि वाक्यात गाळलेल्या शब्दांच्या जागी तीन टिंबं, एलिप्सिस.

आपल्या पाठ्यपुस्तकातले अन्वस्त आणि अपास्त बघून पोरं नाक मुरडतात, पण ते फार हुशारीने केलेत असं माझं मत. ग्रीक बोला हा फेकण्याच्या क्रियापदातला, आणि अस्त्रातला अस् हाही फेकणेच. अन्वस्त म्हणजे लगत फेकलेला, अपास्त म्हणजे दूर फेकलेला. लंबवर्तुळ मात्र नुसता आकार बघून ठेवलेलं नाव, त्यात काही मजा नाही.

फोकस, म्हणजे या वक्रांच्या आतला एक ठरलेला बिंदू, हा शब्द गणितात खगोलशास्त्रज्ञ केप्लरने आणला, १६०४ मध्ये. लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल. पुढे १६०९ मध्ये त्यानेच सांगितलं की मंगळ लंबवर्तुळात फिरतो आणि सूर्य त्याच्या एका फोकसवर, म्हणजे चुलीच्या जागी.

राहिला आपला शंकू. संस्कृतात शंकू म्हणजे खुंटी, मेख, आणि तीच सावली मोजायची काठी. उज्जैनच्या वेधशाळेत शंकू यंत्र आहे, तासाभराचा रस्ता, जाऊन बघा. गोल चबुतरा, मधोमध उभा शंकू, आणि फरशीवर सात रेघा. शंकूच्या टोकावरनं जाणारे दिवसभराचे सूर्यकिरण मिळून एक भला मोठा कोन तयार होतो, चबुतरा त्याला कापतो आणि सावलीचं टोक फरशीवर हायपरबोला काढत जातं. फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास ते सरळ रेषेत चालतं, कारण त्या दिवशी कोन उलगडून सपाट झालेला असतो. २२ जूनला दुपारी गेलात तर सावली जवळजवळ सापडणारच नाही, उज्जैन कर्कवृत्ताला अगदी खेटून आहे ना, म्हणून डिसेंबरात जा, तेव्हा सावली लांब असते आणि वाकही छान दिसतो.