गाडी ठेवायची कुठे?
(एका छोट्या शहराच्या महापौरांविषयी: निवेदन)

(दृश्य: पहाट. लेरेस नदी, दगडी पूल. पाठीवर पिशव्या घेतलेले दोन यात्रेकरू पूल ओलांडतात.)

या पुलाचं नाव पोन्ते दो बुर्गो. लॅटिनमध्ये 'जुना पूल' म्हणायचे, त्यावरून शहराचं नाव पडलं पोन्तेवेद्रा. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, अटलांटिक महासागराला लागून असलेल्या गॅलिसियात हे शहर आहे. वस्ती सुमारे ८३ हजार. आपल्याकडे जशी पंढरीची वाट, तशी इकडे सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राची वाट. पोर्तुगालकडून सांतियागोला पायी निघालेला माणूस शहरातून याच पुलावरून पुढे जातो. कित्येक शतकं जातो आहे.

(दृश्य: पेरेग्रीना चर्च, वरून घेतलेला शॉट.)

वरून पाहिलं की या चर्चचा आकार लक्षात येतो. शिंपला. सांतियागोच्या यात्रेकरूची ती खूण. पायी चालणाऱ्यांसाठी बांधलेलं हे अठराव्या शतकातलं देऊळच म्हणा.

(दृश्य: अरुंद गल्ल्या, एकामागून एक उघडत जाणारे चौक.)

आता चौकांची नावं ऐका. प्रासा दा लेन्या, म्हणजे सरपणाचा चौक. प्रासा दा वेर्दुरा, भाजीचा चौक. प्रासा दा फेरेरीया, लोहारांचा. आपल्याकडे तांबट आळी, कासार आळी असते ना, अगदी तसं. ज्याने त्याने आपला माल मांडायचा, बाकीच्यांनी येऊन उभं राहायचं, बोलायचं, घासाघीस करायची. चौक त्यासाठीच होते.

(दृश्य: जुने फोटो. गल्लीत दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या.)

आणि मग तिथे गाड्या आल्या. नव्वदच्या दशकात या शहरातून दिवसाला जितक्या गाड्या जायच्या, तितकी इथे माणसंही राहत नव्हती. एकट्या मुख्य रस्त्यावरून १४ हजार. जुन्या भागात अमली पदार्थांचा धंदा चालायचा, घरं ओस पडत चालली होती. ज्याला जमेल तो शहर सोडत होता.

(दृश्य: नगरपालिकेची इमारत, बाहेरून. मग महापौर लोरेस, पायी.)

हे मिगेल अँशो फेर्नांदेस लोरेस. पेशाने डॉक्टर, गॅलिसियाच्या राष्ट्रवादी आघाडीचे कार्यकर्ते. १२ वर्षं विरोधी बाकांवर बसले आणि १९९९ मध्ये महापौर झाले. त्यानंतर आजवर सलग सात वेळा.

महापौर या शब्दाबद्दल इथे थोडं सांगायला हवं. आपल्याकडच्या महानगरपालिकेत महापौर सभेचं अध्यक्षस्थान भूषवतात, कारभार आयुक्तांच्या हाती असतो. शिवाय ८३ हजार वस्तीला आपण महानगरपालिका देत नाही. ती 'ब' वर्ग नगरपरिषद, आणि तिचे नगराध्यक्ष. स्पेनमध्ये लोक नगरसेवक निवडतात, नगरसेवक महापौर निवडतात, आणि पुढची चार वर्षं शहराचा कारभार त्या महापौराने करायचा. रस्ता कसा असावा हे त्याने ठरवायचं, आणि चुकलं तर त्याचा जाबही त्यानेच द्यायचा. लोरेस यांच्या कामाची ताकद इथून आली आहे, आणि माझ्या मते आपल्या छोट्या शहरांनी सर्वांत आधी बघावं ते हेच.

(दृश्य: ग्रॅनाइटच्या फरशीवरून फिरणारा कॅमेरा. व्हीलचेअर. काठी टेकत चाललेले आजोबा.)

सुरुवातीला त्यांनाही वाटलं होतं की वाहतूक सुधारावी. योजना आखून पाहिल्या, एकही जमेना. मग त्यांनी प्रश्न उलटा केला. या गाड्या इथे येतातच कशासाठी? हिशोब मांडला तेव्हा तीन प्रकार निघाले. काही गाड्यांना शहरात कामच नव्हतं, त्या या टोकाकडून त्या टोकाकडे जायला मधून घुसत होत्या. काही जागा शोधत गोल गोल फिरत होत्या. उरलेल्यांना खरोखर यायचं होतं: माल घेऊन आलेला टेम्पो, रुग्णवाहिका, घरी गाडी ठेवायची जागा असलेला रहिवासी, चालता न येणारा माणूस.

तिसऱ्या प्रकाराला वाट ठेवली. पहिल्या दोघांची बंद केली. पोन्तेवेद्राचं सगळं शास्त्र एवढंच आहे.

महापौर झाल्यापासून महिन्याभरात जुन्या शहराचा ३ लाख चौरस मीटरचा भाग चालणाऱ्यांसाठी मोकळा झाला. म्हणजे जवळजवळ ७४ एकर. इथे 'गाडीबंदी' हा शब्द चटकन तोंडात येतो, पण तो बरोबर नाही. टेम्पो येतो, माल उतरवतो, निघून जातो. तो आता तुमच्या समोरून जाताना दिसतोय. बघा, किती हळू.

(दृश्य: पदपथ आणि रस्ता जिथे एक होतात तिथला जवळचा शॉट. चाकांच्या पिशवीसह आजी.)

या शॉटवर थोडं थांबू या. पदपथ कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो, सांगता येतंय? कडाच नाही. सगळं एका पातळीवर. आजींना पिशवी उचलावी लागत नाही, व्हीलचेअर अडत नाही, बाबागाडीचं पुढचं चाक उचलायला लागत नाही. जिथे गाड्यांचा रस्ता आहे तिथे तो ओलांडण्याची जागा उंच केली आहे. माणूस सरळ चालत जातो, चढ-उताराचा त्रास गाडीला. कुठल्याही अभियंत्याला विचारा, हे काम अवघड नाही. आधी कोणाचा विचार करायचा, एवढं ठरलेलं असावं लागतं. इथे ते ठरलेलं आहे: पहिला चालणारा, मग सायकल, मग बस, सर्वांत शेवटी खाजगी गाडी.

जुन्या शहराबाहेरच्या भागातही हळूहळू तेच झालं. सिग्नल काढून तिथे वर्तुळाकार चौक केले. एका बाजूने आत शिरलेली गाडी फिरून त्याच बाजूला बाहेर पडेल अशा एकेरी वाटा आखल्या, म्हणजे शहर कापून पलीकडे जाता येऊ नये. भरवस्तीतल्या उघड्या जागांवरचे वाहनतळ बंद केले. काही जमिनीखाली नेले, काही शहराच्या कडेला, आणि कडेच्या वाहनतळांवर १,६८६ गाड्यांची जागा फुकट. २०१० मध्ये शहरभर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आली.

(दृश्य: मेत्रोमिनुतो नकाशाचा फलक.)

हा नकाशा भुयारी रेल्वेचा वाटतो. रंगीत रेषा, गोल ठिपके, स्थानकांसारखी नावं. पोन्तेवेद्रात भुयारी रेल्वे नाही. या रेषा पायवाटांच्या आहेत आणि आकडे चालायला लागणाऱ्या मिनिटांचे. २०११ मध्ये नगरपालिकेने तो छापला. 'लांब आहे' म्हणणाऱ्या माणसाला फलकाजवळ नेऊन उभं करायचं. बहुतेक वेळा लांब नसतंच. युरोपातल्या अनेक शहरांनी हा नकाशा नंतर उचलला.

(दृश्य: लहान दुकानं. बेकरीबाहेरची रांग.)

विरोध झाला. गाडी आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, ही भीती कोणत्याही गावातल्या दुकानदाराला वाटेल, तशी इथेही वाटली. गाडी चालवणं हा आमचा हक्क आहे, असंही लोक म्हणाले. लोरेस यांचं त्यावरचं मत आजही तेच आहे. गाडी चालवणं ही सवलत आहे, हक्क नाही. गाडी विकत घेतली म्हणून सर्वांच्या मालकीची जागा अडवायचा अधिकार मिळत नाही. आणि गाडी ठेवायची कुठे, असं विचारणाऱ्याला ते एक दाखला देतात. तुम्ही गाय घेतली किंवा फ्रिज घेतला, तर तो ठेवायला जागा द्या म्हणून महापौराकडे येता का?

दुसरीकडे, शहराबाहेर मोठे मॉल बांधायला त्यांनी परवानगी दिली नाही. दुकानदारांना दिलेला शब्द असा पाळला गेला. ही बेकरी, हे चपलांचं दुकान, ही औषधांची पेढी, सगळी भर चौकात आहेत.

(दृश्य: पोपटाचा पुतळा. त्याच्याभोवती मुलं.)

हा राव्हाचोल. एकोणिसाव्या शतकात इथल्या एका औषधविक्रेत्याच्या दुकानात हा पोपट होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचा, वेळप्रसंगी शिव्याही द्यायचा. आजही कार्निव्हलच्या दिवसांत त्याची अंत्ययात्रा निघते. पोपट लोकांशी बोलू शकला, कारण लोक दुकानासमोर थांबत होते.

(दृश्य: चौकात जेवणारी कुटुंबं, सायकलवरच्या मुली.)

१९९६ ते २००६ या दहा वर्षांत या रस्त्यांवर अपघातांत ३० माणसं गेली होती. पुढच्या दहा वर्षांत ३. कार्बन डायऑक्साइड ७० टक्क्यांनी घटला, मध्यवस्तीत १२ हजार माणसं नव्याने राहायला आली. २०१४ मध्ये दुबईत संयुक्त राष्ट्रांच्या अधिवास विभागाचा पुरस्कार मिळाला. शहराच्या कडेला गर्दी वाढल्याची, जागा पुरत नसल्याची तक्रार काही रहिवासी करतात.

(दृश्य: खाडी. कागदाच्या लगद्याच्या कारखान्याची धुराडी.)

ही धुराडी शहरातून दिसतात, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे वासही येतो. लगद्याचा हा कारखाना इथून हलावा म्हणून लोरेस मोर्च्यांत चालत आले आहेत. पण समुद्रकाठच्या जमिनीचा निर्णय तेव्हा माद्रिदच्या सरकारचा होता. २०१६ मध्ये त्या सरकारने कारखान्याला २०७३ पर्यंत मुदत दिली. महापौराचा हात जिथवर पोहोचतो, त्याची सीमा या खाडीच्या काठावर आहे.

(दृश्य: पुन्हा शहरात.)

पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा दिवसभर चालणाऱ्यांना देतात. त्या दिवशी तिथे गेलेल्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल. पावलांचा, बोलण्याचा, लांबून कुणीतरी मारलेल्या हाकेचा. पोन्तेवेद्रात तो रोज असतो.

(दृश्य: सकाळ. पाठीवर दप्तर घेतलेला मुलगा रस्ता ओलांडतो. येणारी गाडी थांबते.)

हा शाळेत चालला आहे. सोबत कोणी नाही.

(इथून पुढे निवेदन नाही. मुलगा शाळेच्या फाटकातून आत जाईपर्यंत नैसर्गिक आवाज.)