परदेशात जाऊन सेल्टा करायचाय? मग आधी हे समजून घ्या

नमस्कार! सेल्टा म्हणजे इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठीचा सर्टिफिकेट कोर्स. असं इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण परदेशात घ्यायचं ठरवलंय, तर कोर्स निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, मला किती तास शिकवायला मिळणार? उत्तर किमान 6 तास आलं पाहिजे. नुसते व्हिडिओ दाखवून ‘टेफल’ (परकीय भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं) सर्टिफिकेट देणारे कोर्स ढिगाने आहेत. टेफल हे नाव कुणीही वापरू शकतं, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका.

भरवशाचे कोर्स दोन. केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्टटेसॉल. सेल्टा किमान 120 तासांचा, सर्टटेसॉल 130 तासांचा. पूर्ण वेळ केले तर साधारण 4 ते 5 आठवडे लागतात. नोकरीच्या बाजारात दोघांना मान सारखाच. ट्रिनिटीत एक छान गोष्ट आहे: तुम्हाला 4 तास एक अनोळखी भाषा शिकवतात आणि त्याची नोंदवही लिहायला लावतात. काहीच कळत नसताना वर्गात बसणं म्हणजे काय, हे प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी अनुभवावं.

आता सेल्टाचं बघू. प्रवेशाआधी एक लेखी टास्क आणि मुलाखत असते. इथे अस्खलित बोलणारेही अडतात, कारण ‘हे वाक्य बरोबर का?’ याला ‘कानाला बरोबर वाटतं’ हे उत्तर चालत नाही. काळ, मोडल क्रियापदं (कॅन, मस्ट वगैरे) आणि उच्चार दाखवणाऱ्या खुणा, एवढं घरूनच पक्कं करून जा. कोर्समध्ये त्याला वेळ मिळत नाही.

कोर्सचा गाभा म्हणजे प्रत्यक्ष शिकवणं. एकेक पाठ साधारण 40 ते 60 मिनिटांचा, विद्यार्थी प्रौढ, आणि तुम्हाला दोन वेगवेगळ्या पातळ्यांना शिकवावं लागतं. एक उदाहरण घेऊ.

[स्क्रीनवर: शी मस्ट हॅव मिस्ड द बस.]

हे शिकवायचंय. नवखा माणूस फळ्याकडे वळतो आणि दहा मिनिटं नियम सांगतो. शेवटी विचारतो, ‘समजलं?’ सगळे माना डोलावतात आणि पुढच्याच वाक्यात कुणीतरी ‘मस्ट मिस्ड’ म्हणतं. त्याऐवजी आधी प्रसंग उभा करा: मीटिंग सुरू झालीय, ती रोज बसने येते, अजून आलेली नाही. मग छोटे प्रश्न विचारा. ती इथे आहे का? नाही. बस चुकली हे आपल्याला नक्की माहीत आहे का? नाही. मग आपण अंदाज करतोय? हो. आपली बऱ्यापैकी खात्री आहे का? हो. गोष्ट आत्ताची की होऊन गेलेली? होऊन गेलेली. हे झालं अर्थ तपासणं. त्यानंतर उच्चार: बोलताना ‘मस्ट हॅव’ सुटं राहत नाही, ‘मस्टव्ह’सारखं जोडून येतं. ते वर्गाकडून म्हणवून घ्या आणि रचना फळ्यावर सगळ्यात शेवटी लिहा. अर्थ, उच्चार, रचना हा क्रम उलटा झाला की विद्यार्थी वहीत नियम उतरवत बसतात आणि तोंड उघडत नाहीत.

गुण जातात ते आणखी दोन ठिकाणी. एक, लांबलचक सूचना. आधी कागद वाटला आणि मग सूचना दिली, तर कुणी ऐकत नाही. सूचना आधी, कागद नंतर. दुसरं, वेळ. पहिल्या टप्प्यात 15 मिनिटं गेली की शेवटचा मोकळा संवाद कापला जातो, आणि नेमका तोच महत्त्वाचा. प्लॅनमध्ये कोणता टप्पा गाळता येईल त्यावर आधीच खूण करून ठेवा.

याशिवाय 750 ते 1000 शब्दांचे चार लेखी असाइनमेंट असतात. एखादा नापास झाला तर एकदा सुधारून देता येतो. हे सगळं सांभाळायला वेळ कमी पडतो, म्हणूनच सेंटरपासून चालत जाता येईल अशी खोली बघा, महाग पडली तरी. रोजच्या प्रवासात गेलेला वेळ तयारीच्या वेळेतूनच जातो.

व्हिसा कोणता लागतो हे देशागणिक बदलतं, सेंटरला लेखी विचारा. आणि नोकरीचं आत्ताच बघून ठेवा. हे सर्टिफिकेट खाजगी भाषासंस्थांमध्ये चालतं. सरकारी शाळांना बहुधा त्या देशाचं शिक्षक-लायसन्स लागतं. बऱ्याच ठिकाणी वर्क परमिटसाठी पदवी मागतात, काही ठिकाणी पासपोर्टही बघतात. दक्षिण कोरियाचा ई-2 व्हिसा इंग्रजी शिकवण्यासाठी मुख्यतः 7 देशांच्या नागरिकांनाच देतात. तेव्हा शिकवायचं कुठे ते आधी ठरवा, तिथले नियम वाचा आणि मगच कोर्सची फी भरा.